डायोड रिंगची डबी की आठ पायांची आयसी: एसबीएल-१, एडीई-१ आणि एसए६१२

४० मीटर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) हॅम बँडचा रिसीव्हर घरी बांधायला घेतला की पहिली मोठी निवड मिक्सरची, म्हणजे आलेला सिग्नल एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची. मिनी-सर्किट्सची एसबीएल-१ ही जुनी धातूची डबी घ्यायची, तिचाच एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर जोडायचा) अवतार असलेली एडीई-१ घ्यायची, की एसए६१२ आयसी लावून मोकळं व्हायचं? कौल आधीच सांगतो. सेट घरच्या विजेवर चालणार असेल आणि छतावर पूर्ण लांबीचा डायपोल अँटेना असेल, तर डायोड रिंगच घ्या, म्हणजे या दोन डब्यांपैकी एक. सेट बॅटरीवर चालवायचा, खांद्यावरच्या पिशवीतून डोंगरावर न्यायचा, तर एसए६१२. पण डायोडची डबी विकत घेतली म्हणजे मिक्सर झाला, असं समजू नका. आरएफ (येणारा सिग्नल), एलओ (लोकल ऑसिलेटर) आणि आयएफ (मिक्सरमधून निघणारी मधली फ्रिक्वेन्सी) या तीन पोर्टांना तुम्ही काय जोडता यावर निम्मं यश ठरतं. या डबीबद्दलच्या बहुतेक तक्रारी खोदून पाहिल्या की दोष जोडणीत निघतो.

ही डबी काय करते ते नीट समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. साध्या एलसी (कॉइल-कपॅसिटर) किंवा क्रिस्टल फिल्टरमध्ये ७.१ मेगाहर्ट्झ घातले तर बाहेर ७.१च येणार, फार तर कमी होऊन. ऊर्जा एका फ्रिक्वेन्सीवरून उचलून दुसरीवर ठेवणं त्याच्या हातात नाही. त्यासाठी नॉनलिनिअर काहीतरी लागतं, आणि इथे ते काम चार डायोड करतात. लोकल ऑसिलेटरच्या, म्हणजे सेटमध्येच तयार केलेल्या लहरीच्या, प्रत्येक अर्ध्या आवर्तनात डायोडची एक जोडी चालू आणि दुसरी बंद होते, त्यामुळे आत येणारा सिग्नल एकदा सुलट आणि एकदा उलट जोडला जातो. म्हणजे सिग्नलला अधिक एक आणि उणे एक अशा चौकोनी लहरीने गुणलं जातं.

आता जमाखर्च बघा. आरएफ ७.१ आणि एलओ १६.१ मेगाहर्ट्झ धरा. डायोड आदर्श असते तर आत आलेल्या शक्तीपैकी ४०.५ टक्के ९ मेगाहर्ट्झवर गेली असती आणि तेवढीच २३.२ मेगाहर्ट्झवर. चौकोनी लहरीच्या तिसऱ्या हार्मोनिकमुळे ४१.२ आणि ५५.४ मेगाहर्ट्झवर प्रत्येकी साडेचार टक्के गेली असती, आणि उरलेली आणखी वर विखुरली असती. आपल्याला हवा फक्त ९ मेगाहर्ट्झचा वाटा, म्हणून आदर्श डबीतही ३.९ डीबी तोटा ठरलेलाच. प्रत्यक्षात एचएफवर साडेपाच ते सहा डीबी पडतो. वरचे दीड-दोन डीबी डायोडचा रोध आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या खात्यावर जातात. याच मांडणीत साडेतीन डीबीचा दावा कोणी करत असेल, तर त्याची मोजणी चुकली आहे.

२३.२ मेगाहर्ट्झवर गेलेले ते ४०.५ टक्के लक्षात ठेवा. पुढची सगळी डोकेदुखी त्यांच्यामुळेच होते.

एलओची बाजू आधी उरकून घेऊ. दोन्ही डब्या ‘लेव्हल ७’च्या आहेत, म्हणजे त्यांना एलओकडून +७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) ड्राइव्ह लागतो. ५० ओहमवर हे ५ मिलिवॉट होतात, स्कोपवर १.४१ व्होल्ट शिखर ते शिखर. मोजताना मिक्सर काढा आणि त्याच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर लावा. डायोड जोडलेले असताना एलओ पोर्टवरची लहर छाटली जाते आणि आकडा फसवा येतो. हल्ली बहुतेक जण एलओसाठी एसआय५३५१ ही क्लॉक-जनरेटर आयसी वापरतात. ८ मिलिअँपिअरच्या सेटिंगवर ३.३ व्होल्टच्या चौकोनी लहरीतून ५० ओहममध्ये मूळ फ्रिक्वेन्सीवर साधारण ८ ते १० डीबीएम मिळतात. मधे ३ डीबीचा पाय-पॅड (π आकारात जोडलेले, सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारे तीन रेझिस्टर) टाका: कडेला ३०० ओहमचे दोन, मधे १८ ओहमचा एक. ड्राइव्ह योग्य जागी येतो आणि एलओ पोर्टलाही बऱ्यापैकी ५० ओहम दिसतात. चौकोनी लहर या मिक्सरला चालते, उलट बरीच. डायोड पटकन चालू-बंद होतात आणि अर्धवट अवस्थेत कमी वेळ राहतात.

इथे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत हवाच. एलओ पोर्ट आत ट्रान्सफॉर्मरमार्फत थेट जमिनीला गेलेलं असतं, आणि एसआय५३५१च्या आउटपुटवर १.६५ व्होल्टची सरासरी डीसी पातळी असते. कपॅसिटर विसरलात तर हा डीसी ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतून वाहतो, आयसी तापते आणि मिक्सरचा तोल जातो. लक्षण म्हणजे सेट चालतो पण बहिरा वाटतो. एलओ आणि बीएफओ (आयएफमधून आवाज परत मिळवायला लागणारा ऑसिलेटर) दोन्ही एकाच चिपमधून घेत असाल तर सीएलके० आणि सीएलके२ ही आउटपुटं वापरा. शेजारच्या आउटपुटांत गळती जास्त होते.

ड्राइव्ह कमी पडला तर काय होतं? +७ ऐवजी ० डीबीएम दिले तरी आवाज येतो, आणि तिथेच माणूस फसतो. डायोड अर्धवट उघडतात, तोटा वाढतो, आणि जोरदार सिग्नल स्वतःच डायोड उघडू-मिटू लागतात. दिवसा सगळं छान, संध्याकाळी बँड उघडला की खिचडी.

## आयएफ पोर्ट

खरी कसोटी इथे आहे. मिक्सरच्या तिन्ही पोर्टांना ५० ओहम हवे असतात, पण आयएफ पोर्टला ते सर्व फ्रिक्वेन्सींवर हवे असतात, फक्त ९ मेगाहर्ट्झवर नव्हे. क्रिस्टल फिल्टर थेट जोडला तर ९ मेगाहर्ट्झच्या अडीच किलोहर्ट्झ पट्ट्यात तो ठीक दिसतो. बाकी सगळीकडे तो भिंतीसारखा असतो. मघाचे २३.२ मेगाहर्ट्झवरचे ४०.५ टक्के त्या भिंतीवर आपटून परत डबीत येतात, एलओशी पुन्हा मिसळतात आणि ७.१ व ३९.३ मेगाहर्ट्झवर उतरतात. ही परत आलेली ऊर्जा मूळ सिग्नलशी कोणत्या फेजमध्ये भेटेल ते वायरच्या लांबीवरसुद्धा ठरतं. म्हणून एकाच आराखड्याचे दोन सेट वेगळे वागतात. तोटा एक-दोन डीबीने हलतो हे चालून जातं. पण जोरदार सिग्नल सोसण्याची ताकद कित्येक डीबीने घसरते, आणि डबी घेतली होती ती तर याच ताकदीसाठी.

इलाज डिप्लेक्सरचा, म्हणजे हवी फ्रिक्वेन्सी पुढे सोडून बाकीच्या रेझिस्टरमध्ये जिरवणाऱ्या सर्किटचा. ब्रिज्ड-टी पद्धतीचा सर्वांत सोयीचा. मिक्सर आणि पुढचा अँप्लिफायर यांच्यामध्ये एल आणि सी मालिकेत टाका. त्याच दोन टोकांपासून प्रत्येकी ५० ओहमचा रेझिस्टर एका मधल्या बिंदूला न्या, आणि तो बिंदू समांतर एलसीमार्फत जमिनीला जोडा. ९ मेगाहर्ट्झवर मालिकेतली जोडी तारेसारखी वागते, समांतर जोडी उघडी दिसते, आणि सिग्नल सरळ पुढे जातो. इतर फ्रिक्वेन्सींवर उलट होतं आणि मिक्सरला ५० ओहमचा रेझिस्टर दिसतो. २३.२ मेगाहर्ट्झची ऊर्जा त्यात जिरते.

क्यू (पट्टा किती अरुंद ते ठरवणारा आकडा) १ धरला तर दोन्ही एल ०.८८ मायक्रोहेन्री आणि दोन्ही सी ३५४ पिकोफॅरड येतात. ३३० आणि २२ समांतर जोडले की ३५२ होतात, तेवढं पुरे. टी३७-२ या लाल टोरॉइडवर १५ वेढे, किंवा टी३७-६ या पिवळ्यावर १७. टोरॉइडच्या मधून तार एकदा गेली की एक वेढा मोजायचा. बाहेरून मोजणाऱ्यांचा हमखास एक चुकतो. कपॅसिटर एनपी० किंवा सीओजी जातीचे घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातले तपकिरी डिस्क सिरॅमिक इथे नकोत, उन्हाळ्यात सेट तापला की त्यांची किंमत सरकते. रेझिस्टर ५१ ओहमचे, मेटल फिल्म.

डिप्लेक्सरनंतर लगेच क्रिस्टल फिल्टर जोडू नका. मधे ५० ओहम इनपुटचा, कमी गोंगाटाचा आणि दणकट अँप्लिफायर हवा, आणि त्यानंतर फिल्टर. फिल्टरकडून येणारं प्रतिबिंब अँप्लिफायर बऱ्याच अंशी अडवतो, पण फीडबॅक पद्धतीचे अँप्लिफायर ते पूर्ण अडवत नाहीत. म्हणून फिल्टरच्या आधी ३ ते ६ डीबीचा पॅड टाकणारे चुकत नाहीत. ६ डीबीला १५०-३९-१५० ओहम.

जुळणी बरोबर झाली का, हे महागड्या उपकरणाशिवायही तपासता येतं. स्थिर सिग्नल लावा, आउटपुटची पातळी नोंदवा, मग मिक्सर आणि डिप्लेक्सर यांच्यामध्ये ३ डीबीचा पॅड घाला. पातळी जवळजवळ ३ डीबीने उतरली तर जुळणी ठीक. दीडच डीबी उतरली तर समजा की आधी काहीतरी परत येत होतं आणि पॅडने ते सुधारलं.

आरएफ बाजूला बँडपास फिल्टर लागतोच. एलओ १६.१ आणि आयएफ ९ असेल तर इमेज (त्याच आयएफवर उतरणारी नको असलेली फ्रिक्वेन्सी) २५.१ मेगाहर्ट्झवर येते, म्हणजे बरीच दूर. साधा दोन-तीन टप्प्यांचा फिल्टर ती सहज मारतो. पण डबी ३९.३ आणि ५७.३ मेगाहर्ट्झवरही ऐकते, मूळ सिग्नलपेक्षा फक्त साडेनऊ डीबी कमी जोराने. फिल्टर वरच्या टोकालाही नीट बंद होतो ना, ते पाहा. शिवाय खुद्द ९ मेगाहर्ट्झजवळचे सिग्नल अँटेनातून थेट घुसू शकतात. ३१ मीटरची प्रसारण केंद्रं ९.४पासून सुरू होतात. अँटेनाच्या बाजूला ९ मेगाहर्ट्झचा ट्रॅप टाकला तर हा त्रास संपतो. एलओ वर असल्यामुळे साइडबँड उलटतो, ७.१वरचा एलएसबी (खालचा साइडबँड) आयएफमध्ये यूएसबी (वरचा) होतो. बीएफओचं क्रिस्टल ओढताना हे विसरलं की सगळं जोडूनही बोलणं बदकासारखं ऐकू येतं.

## एसए६१२चा हिशेब

या आयसीला कमी लेखणं बरोबर नाही. ४५ मेगाहर्ट्झवर साधारण १७ डीबी कन्व्हर्जन गेन, ५ डीबी नॉइज फिगर (आयसीने स्वतः घातलेला गोंगाट), खर्च फक्त २.४ मिलिअँपिअर, आणि ऑसिलेटर पोटातच. डायोड मिक्सरला एलओचा बफर आणि मागचा दणकट अँप्लिफायर धरून ५० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सहज लागतो. नऊ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर तो किती वेळ पुरेल, हे सांगायला नको.

तिची अडचण जोरदार सिग्नलची. इनपुट इंटरसेप्ट पॉइंट (जोरदार सिग्नल सोसण्याचं माप, जितका वर तितका बरा) उणे १३ डीबीएमच्या आसपास आहे, डायोड रिंगचा अधिक १३ किंवा त्याहून वर. कागदावर नुसता फरक वाटतो, पण हिशेब केला की हादरायला होतं. एस९पेक्षा (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवरचा आकडा) ४० डीबी वरचे असे दोन सिग्नल मिक्सरवर आले, म्हणजे प्रत्येकी उणे ३३ डीबीएम. तिसऱ्या दर्जाच्या विकृतीसाठी, म्हणजे दोन सिग्नल एकमेकांत मिसळून तयार होणाऱ्या खोट्या सिग्नलसाठी, सिग्नलची पातळी तिनाने गुणायची आणि त्यातून इंटरसेप्टची दुप्पट वजा करायची. एसए६१२मध्ये उणे ९९ अधिक २६, म्हणजे उणे ७३ डीबीएम, पूर्ण एस९. जिथे कोणीच नाही तिथे एस९चं भूत बोलायला लागतं. डायोड रिंगमध्ये तेच उणे १२५ येतं, एस१च्याही खाली, आणि ४० मीटरच्या गोंगाटात गाडलं जातं. आपल्याकडे ७.२ मेगाहर्ट्झला हॅम बँड संपतो आणि तिथूनच प्रसारण केंद्रं सुरू होतात. रात्री ती किती जोरात येतात हे कोणत्याही हॅमला विचारा. घरच्या मोठ्या अँटेनासाठी डायोडची शिफारस केली ती यासाठीच. एसए६१२ लावायचीच तर तिच्या आधी बदलता येणारा अटेन्युएटर ठेवा. १० डीबीचा अटेन्युएटर ते भूत ३० डीबीने खाली आणतो.

ती लावताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. तिला ४.५ ते ८ व्होल्ट चालतात, १२ व्होल्ट थेट दिले तर ती गेली. ७८एल०६ लावा, किंवा ४७० ओहम आणि ६.२ व्होल्टचा झेनर. पाय १ आणि २ आतूनच बायस होतात, त्यांना डीसी लागू देऊ नका. वापरात नसलेला पाय ०.०१ मायक्रोफॅरडने जमिनीला टाका. बाहेरचा एलओ पाय ६ला २०० ते ३०० मिलिव्होल्ट शिखर ते शिखर एवढाच द्यायचा. एसआय५३५१चे ३.३ व्होल्ट थेट घातले तर तोल बिघडतो आणि शिट्ट्या वाढतात. १ किलो-ओहम आणि १०० ओहमचा व्होल्टेज डिव्हायडर करून कपॅसिटरमार्फत द्या, बरोबर ३०० मिलिव्होल्ट होतात. इनपुट आणि आउटपुटचा रोध दीड किलो-ओहम आहे, ५० ओहम नाही. अँटेनाचा ५० ओहमचा फिल्टर थेट लावला तर जुळणी जाते.

## घरी गुंडाळलेली रिंग

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत १एन४१४८ केव्हाही मूठभर मिळतात. दोन एफटी३७-४३ टोरॉइड आणि चार जुळलेले डायोड एवढ्यात एचएफपुरता चांगला मिक्सर होतो. ३२ गेजच्या तीन इनॅमल तारा एकत्र पिळा, सेंटिमीटरला तीन-चार पीळ, आणि प्रत्येक टोरॉइडवर १० वेढे घ्या. एका तारेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला की मधला टॅप होतो, तिसरी तार प्रायमरी. टोकं मल्टिमीटरने शोधून वेगवेगळ्या रंगाचं नेलपेंट लावा. दोन शेवट एकमेकांना जोडले गेले तर दोन अर्धे एकमेकांना खाऊन टाकतात आणि आउटपुट जवळजवळ शून्य येतं.

डायोड जुळवताना ९ व्होल्टवरून १ किलो-ओहममार्फत प्रवाह सोडा आणि डायोडवरचं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये वाचा. ५ मिलिव्होल्टच्या आत बसणारे चार निवडा. बोटांनी धरून मोजू नका. सिलिकॉन डायोडचं व्होल्टेज अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतं. बोटांच्या उबेने डायोड पाच अंश तापला तर १० मिलिव्होल्ट गेले, म्हणजे जुळवणीची सगळी मर्यादा संपली. ब्रेडबोर्डमध्ये चिमट्याने खोचा, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. सिलिकॉन डायोडला विकतच्या डबीतल्या शॉट्की डायोडपेक्षा थोडा जास्त ड्राइव्ह लागतो, १० डीबीएमपर्यंत न्या.

विकतच्या डबीत तोल आधीच साधलेला असतो. एचएफवर एलओ ते आयएफ ४० डीबीच्या वर विलगता सहज मिळते, म्हणजे +७चा एलओ आयएफवर उणे ३३पेक्षा कमी उरतो. घरच्या रिंगमध्ये तारांची मांडणी सममित ठेवली तरच त्याच्या जवळ जाता येतं. रिसीव्हरला हे चालतं. ट्रान्समीटरच्या बॅलन्स्ड मॉड्युलेटरला (आवाज कॅरिअरवर चढवणाऱ्या मिक्सरला) मात्र विकतचीच घ्यावी, किंवा कॅरिअर मारायला ट्रिमर आणि छोटा प्रीसेट ठेवावा.

## डबी हातात आल्यावर

एसबीएल-१चे पाय आयसीसारखे वळसा घालून मोजायचे नसतात. विषम क्रमांक एका रांगेत आणि सम समोरच्या. एलओ ८, आरएफ १, आणि आयएफसाठी ३ व ४ बाहेरून एकत्र जोडायचे. २, ५, ६, ७ जमीन. ३ आणि ४ जोडायचं राहिलं तर अर्धीच रिंग काम करते, आणि ही चूक फार होते. एडीई-१मध्ये एलओ ६, आरएफ ३, आयएफ २, बाकी १, ४, ५ जमीन.

जुन्या साठ्यातली किंवा कोणी काढून दिलेली डबी घेत असाल तर जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. आरएफ आणि एलओ पायांपासून जमिनीपर्यंत जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. ३ किंवा ४ पासून जमिनीपर्यंत डायोड-चाचणीत दोन्ही दिशांनी शॉट्कीचा उतार दिसायला हवा, आणि ३ व ४चे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एका दिशेने उघडं सर्किट आलं तर डायोड उडाला आहे. असं बहुतेक वेळा ट्रान्समिट करताना अँटेनाची शक्ती रिले किंवा स्विचमधून गळून मिक्सरवर आल्याने होतं. आरएफची कमाल मर्यादा ५० मिलिवॉट आहे, आणि ५ वॉटच्या सेटमध्ये २० डीबी विलगतेचा टी-आर (ट्रान्समिट-रिसीव्ह) स्विच असेल तर ती मर्यादा तिथेच गाठली जाते. ४० डीबीचं लक्ष्य ठेवा.

आरएफ आणि एलओ ट्रान्सफॉर्मरमधून जातात, फक्त आयएफ पोर्ट डीसीपर्यंत उतरतं. प्रॉडक्ट डिटेक्टरमध्ये (आयएफमधून आवाज काढणाऱ्या मिक्सरमध्ये) ऑडिओ तिथूनच घ्यायचा आणि मॉड्युलेटरमध्ये माइकचा सिग्नलही तिथेच द्यायचा. आरएफ पायाला ऑडिओ दिला तर ट्रान्सफॉर्मर त्याला जमिनीवर नेतो आणि बाहेर काहीच येत नाही. प्रॉडक्ट डिटेक्टरलाही छोटा डिप्लेक्सर हवा: ऑडिओ चोकमधून पुढे, आणि आरएफ ५१ ओहम व ०.०१ मायक्रोफॅरडच्या मालिकेतून जमिनीला.

दोन डब्यांत आमची पसंती एडीई-१ला. नव्या बोर्डवर ती लहान जागेत बसते आणि जमिनीच्या जोडण्या आखूड राहतात. तिच्या पायांमधलं अंतर बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नला पुरेसं आहे, गरम हवेची गरज नाही. आधी एकच कोपरा टाचा, सरळ बसली का पाहा, मग बाकीचे. तिच्याखाली तांब्याची जमीन अखंड ठेवा. एसबीएल-१ ‘अग्ली’ पद्धतीने कोऱ्या तांब्याच्या पट्टीवर बांधणाऱ्यांसाठी अजूनही उत्तम. उताणी ठेवून जमिनीचे चारही पाय तांब्याच्या छोट्या पट्ट्यांनी खाली जोडले की वर सगळं मोकळं राहतं आणि डिप्लेक्सरचे भाग हवेतच, आखूड पायांनी बसतात. ७ मेगाहर्ट्झवर प्रीअँप्लिफायर लावू नका. डबीचा सहा डीबी तोटा आणि मागच्या अँप्लिफायरचा गोंगाट यांपेक्षा वातावरणाचा गोंगाट खूप मोठा आहे, आणि प्रीअँप्लिफायर फक्त इंटरसेप्ट खाली ओढतो. २८ आणि ५० मेगाहर्ट्झवर मात्र १० डीबीचा एक टप्पा आधी द्या, आणि खालच्या बँडवर तो स्विचने बाजूला काढता येईल असा ठेवा.